साठ ढोल, एक ठोका: पथकात हालचालीने कसे बोलायचे

प्रश्न थोडक्यात असा. ढोल-ताशा पथकात साठ ढोल, बारा ताशे, दोन टोल (काठीने वाजवायच्या धातूच्या तबकड्या). नदीपात्रात गोल करून सराव केला की वादन एकजीव होते. मिरवणुकीत चार-चारच्या पंधरा रांगा लागल्या की शेवटच्या चार-पाच रांगा ठोक्याच्या मागे पडतात. हात बदलताना, म्हणजे एका रचनेवरून दुसरीवर जाताना, पहिल्या दोन मात्रा विस्कटतात. प्रमुखाचा इशारा सगळ्यांना दिसतो, तरीही. ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडून झाले, उपयोग नाही.

लक्ष कमी पडत नाहीये. मागचे वादक फार मन लावून ऐकत आहेत आणि घोळ तिथेच आहे.

आधी हिशोब करू. दोन रांगांत पावणेदोन मीटर अंतर धरले तर पंधरा रांगांची लांबी साधारण २५ मीटर होते. २५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ ३ मिलिसेकंद. ताशे सर्वांत पुढे असतील तर त्यांची काडी शेवटच्या रांगेच्या कानावर ७० मिलिसेकंदांनी पडते. तो वादक अगदी अचूक वाजवत असला, तरी कानाने वाजवत असेल तर ७० मिलिसेकंद मागेच असणार. त्याचा ठोका पुढे परत यायला आणखी ७०. पुढच्या ताशेवाल्याला मागचा ढोल १४० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा पाव भाग १२५ चा. म्हणजे मागचा ढोल पाव मात्रेपेक्षाही जास्त मागे. ढोलासारख्या घुमणाऱ्या वाद्यात २०-३० मिलिसेकंदांची फूट कानाला खुपत नाही, १४० ची फूट रस्त्याच्या कडेला उभ्या माणसालाही कळते. त्यात दोन्ही बाजूंना इमारती असल्या की प्रतिध्वनी येतो. दहा मीटरवरच्या भिंतीवरून परतणारा आवाज जवळपास ५८ मिलिसेकंदांनी येतो आणि नवख्या वादकाला तोच खरा ठोका वाटतो.

सरावाच्या तीन पदरी गोलात हे जाणवत नाही, कारण ताशे मध्ये असतात आणि कोणताही ढोल त्यांच्यापासून पाच-सहा मीटरपलीकडे नसतो. फरक १५-१८ मिलिसेकंदांचा. शिवाय गोलात समोरच्याचे हात दिसतात. रांगेत समोर पाठ दिसते. गोलातला सराव मिरवणुकीला पुरत नाही तो यामुळे. सरावाचे निम्मे दिवस तरी पूर्ण लांबीच्या रांगा लावून करा.

उजेडाला मात्र २५ मीटर जायला काहीच वेळ लागत नाही. पहिला नियम म्हणून पक्का करा: लय आणि सम (ठेक्याच्या प्रत्येक फेरीची, म्हणजे आवर्तनाची, पहिली मात्रा) डोळ्यांनी घ्यायची, कानांनी फक्त शेजाऱ्याशी जुळते का ते तपासायचे. ‘बघून वाजवा’ हे सांगायला सोपे आहे. पण बघण्यासारखे काही तरी प्रमुखाने हातातून द्यावे लागते, आणि बहुतेक पथकांत ते दिलेच जात नाही.

उचल

बहुतेक प्रमुख असे करतात: टिपरू (ढोल वाजवायची काठी) झटकन वर नेतात, वर धरून ठेवतात, सगळे बघताहेत याची खात्री करतात आणि मग खाली आणतात. दिसायला रुबाबदार, कामाला वाईट. कानाच्या उंचीवरून पानापर्यंत (ढोलाच्या वाजत्या तोंडापर्यंत) टिपरू यायला १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. टिपरू निघालेले दिसेपर्यंत आणि स्वतःचा हात सुटेपर्यंत प्रमुखाचा ठोका पडून गेलेला असतो. जे वेळेवर वाजवतात ते अंदाजाने वाजवतात, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. पहिल्या दोन मात्रा विस्कटतात त्या इथे.

वर धरलेला हात वेळ सांगत नाही. वेळ सांगते ती उचल. हात जितक्या वेळात वर जातो तितक्याच वेळात खाली येईल, असे पाहणाऱ्याचे शरीर आपोआप धरून चालते. म्हणून उचलीची लांबी लयीतूनच ठरवा. १२० च्या लयीत पूर्ण हालचाल एका मात्रेची: अर्धी मात्रा वर, अर्धी मात्रा खाली, वर थांबा नाही. म्हणजे २५० मिलिसेकंद वर आणि २५० खाली. हात निघाल्यापासून ठोक्यापर्यंत पाहणाऱ्याला ५०० मिलिसेकंद मिळतात, त्यातले पहिले २५० लय ओळखायला पुरतात. लय चढवायची असेल तर उचलच चपळ करा. संथ उचलून वेगाने आपटलेले टिपरू खोटे बोलते: वर जाताना एक लय सांगितली, खाली येताना दुसरी.

खालचा बिंदू टोकदार हवा. वाद्यवृंदाच्या संचालकाच्या छडीवर जेफ लक आणि जॉन स्लोबोडा यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पाहणारा माणूस ठोका ओळखतो तो हाताच्या वेगात होणाऱ्या बदलावरून, निव्वळ हात कुठे आहे त्यावरून नाही. गोलगोल, लोण्यासारखा फिरणारा हात सुंदर दिसतो, पण त्यात ठोका नेमका कुठे ते सापडत नाही. उतरताना वेग वाढत जावा आणि तळाशी हात टप्पा खाल्ल्यासारखा उलटावा. ढोल अंगावर नसताना, नुसत्या टिपरूने इशारा देताना हे जास्त सांभाळावे लागते, कारण हात अडवायला पान नसते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक वेळी तीच हालचाल. कॉर्डुला वेस्पर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की दोघांना एकाच क्षणी कृती करायची असते तेव्हा माणसे आपल्या वेळेतला चढउतार आपोआप कमी करतात, म्हणजे समोरच्याला आपला अंदाज बांधता यावा इतकी नियमित होतात. प्रमुखाने हे जाणून करायचे असते. दिवसाच्या सुरुवातीची उचल आणि चौथ्या तासाची उचल एकसारखी दिसली पाहिजे. चार प्रमुख असतील तर चौघांची उचल एकच. अंगातली लकब ढोल वाजवताना दाखवा, इशाऱ्यात नको.

मोठे कधी करायचे

वर्नर गोबल आणि कॅरोलाइन पामर यांचा २००९ चा पियानोवादकांच्या जोड्यांवरचा प्रयोग इथे उपयोगी आहे. एकमेकांचे वादन ऐकू येईनासे केले, तेव्हा वादकांच्या डोक्याच्या हालचाली एकमेकांशी जास्त जुळू लागल्या, आणि ज्याच्याकडे पुढाकार होता तो बोटे जास्त उंच उचलत होता. म्हणजे कान बंद झाले की शरीर मोठ्याने बोलू लागते. मिरवणुकीत तेच हवे: सरावात छातीपर्यंत जाणारी उचल रस्त्यावर डोक्याच्या वर.

पण सतत नको. मोठ्या हालचालीला वेळ आणि दम लागतो, आणि सदानकदा मोठा असलेला हात काही सांगेनासा होतो. हात बदलायच्या आधीचे आवर्तन, लय बदलताना, चौकात वळताना, सुरू करताना, थांबवताना एवढ्यापुरती उचल मोठी ठेवा. लय बसल्यावर प्रमुखाने हात लहान करावा, शक्य तर इशारा थांबवून नुसते गुडघ्याने ठेका धरावा. हात लहान असला की तो मोठा झाल्याचे चटकन कळते. नाचत इशारे देणाऱ्या प्रमुखांविषयी माझे मत वाईट आहे. प्रेक्षकांना आवडतात, मागच्या रांगेला त्यांतला इशारा कोणता आणि नाच कोणता हे शोधत बसावे लागते.

बोटे दाखवू नका

कोणता हात घ्यायचा हे बोटांनी दाखवायची सवय सगळीकडे आहे: दोन बोटे म्हणजे दुसरा, तीन म्हणजे तिसरा. दहा-बारा मीटरपलीकडे, रात्रीच्या उजेडात, चालताना बोटे मोजता येत नाहीत. दुसरे असे की डोळ्याच्या कडेने बारकावे दिसत नाहीत, हालचाल मात्र छान दिसते. वादकाची नजर सारखी प्रमुखावर नसते, ती समोरच्या पाठीवर, रस्त्यावरच्या खड्ड्यावर, पानावर असते. कडेने कळेल असा इशारा हवा असेल तर तो अख्ख्या हाताचा आणि अंगापासून दूर असावा. एक हात आडवा, दोन्ही हात वर, टिपरू डोक्यावर गोल, दोन्ही हातांची फुली. अशा चार-पाच आकृत्या पुरतात. त्यापेक्षा जास्त हात वाजवत असाल तर क्रम ठरवून ठेवा आणि इशारा फक्त ‘पुढचा’ एवढाच द्या.

प्रमुख पथकाकडे तोंड करून चालतो, त्यामुळे त्याचा डावा तो वादकांचा उजवा. डाव्या-उजव्यावर अवलंबून असलेली एकही आकृती ठेवू नका. मागून प्रखर दिवे असतील तर प्रमुखाची नुसती बाह्यरेषा दिसते, छातीसमोर केलेला इशारा त्यात बुडतो. मनगटाला पांढरा किंवा भगवा रुंद पट्टा बांधला की अंधारात बराच फरक पडतो.

वेळेचे गणित असे. एकच ठरलेली कृती करायला पाव सेकंद पुरतो, पण चारांतून एक निवडून करायची असेल तर जवळजवळ अर्धा सेकंद धरा, गर्दीत आणखी जास्त. म्हणून इशाऱ्याचे दोन भाग करा. ‘कोणता’ हे बदलाच्या आधीच्या आवर्तनाच्या सुरुवातीला दाखवायचे आणि किमान चार मात्रा तसेच धरायचे. ‘केव्हा’ हे शेवटच्या मात्रेवरच्या उचलीने सांगायचे. दोन्ही एकाच हालचालीत कोंबले की निम्मे वादक कोणता ते ओळखण्यात गुंततात आणि केव्हा ते चुकवतात.

थांबवणे सुरू करण्यापेक्षा अवघड आहे. खाली निघालेला हात शेवटच्या दीड-दोनशे मिलिसेकंदांत मनात आणले तरी थांबत नाही. शांततेवर थांबायला सांगितले की दोन-चार ठोके सांडतातच. एका मोठ्या ठोक्यावर थांबा: आधीच्या आवर्तनात इशारा, समेवर सगळ्यांचा भरघोस ठोका, आणि लगेच तळहात पानावर ठेवून घुमारा बंद.

मधले दुवे

इशारा सगळ्यांना दिसतो असे प्रश्नात म्हटले असले, तरी पंधरा रांगांत शेवटच्या वादकाला प्रमुख नेहमी दिसतोच असे नाही. मध्ये चौदा डोकी, फेटे आणि ध्वज. एक उपाय म्हणजे रांगा बुद्धिबळाच्या पटासारख्या अर्ध्या अंतराने सरकवून लावणे, म्हणजे प्रत्येकाला पुढच्या दोघांच्या मधून दिसते. दुसरा, दर पाच रांगांमागे कडेला एक दुवा ठेवणे, जो ढोल न घेता प्रमुखाचा इशारा मागे पोचवतो.

दुवा बहुधा जिथे चुकतो ते सांगतो. तो प्रमुखाची उचल पाहतो आणि मग स्वतः उचलतो. त्याचे २०० मिलिसेकंद, पुढच्या दुव्याचे २००, तिसऱ्याचे २००: शेवटच्या रांगेला इशारा मात्राभर उशिरा. दुव्याने ‘कोणता’ ही आकृती पाहून मागे द्यायची, त्याला वेळ आहे. ‘केव्हा’ ची उचल मात्र पाहून द्यायचीच नाही. ती त्याने मोजून, प्रमुखाच्या बरोबर द्यायची. त्यासाठी दुवे म्हणून नवीन, ढोल न मिळालेली मुले उभी करू नका. ज्यांच्या अंगात आवर्तन मुरले आहे असे जुने वादक हवेत. ढोल सोडायला ते नाखूश असतात, तरीही.

ताशे कुठे ठेवायचे? मध्ये ठेवले तर सर्वांत लांबचा ढोल १२ मीटरवर येतो आणि आवाजाचा उशीर ३५ मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. हा मोठा फायदा आहे. तोटा असा की पुढच्या सात रांगांची ताशांकडे पाठ असते. त्यामुळे ताशे मध्ये घेतले तर प्रमुख आणि मुख्य ताशेवादक यांच्यात मोकळी नजर पाहिजे, मधल्या दोन ढोलांमध्ये गल्ली सोडा. चाळीसपेक्षा कमी ढोल असतील तर या भानगडीत पडू नका, ताशे पुढे चालतील.

लय का चढते

पथक १२० वर सुरू होते आणि दहा मिनिटांत १३५ वर जाते. उत्साह हे अर्धेच कारण. दोन माणसे बाहेरच्या तालाशिवाय एकमेकांशी जुळवून ठोके देऊ लागली की एकट्यापेक्षा जास्त वेग घेतात, हे प्रयोगांत दिसले आहे. सोप्या भाषेत, जो चुकून आधी वाजवतो त्याच्याकडे बाकीचे धावतात, आणि जो उशिरा वाजवतो त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. लय त्यामुळे एकाच दिशेने सरकते. उपाय म्हणजे एक माणूस असा हवा जो कोणाशीच जुळवून घेत नाही. हे काम टोलवाल्याचे. त्याचा आवाज टोकदार असतो आणि त्याने फक्त मात्रा द्यायची. त्याने ढोलांकडे पाहू नये, स्वतःच्या पावलांवर वाजवावे. पाऊल हे हातापेक्षा आळशी असते, लवकर वेग घेत नाही.

पावलांचा आणखी एक उपयोग. सगळ्यांचे डावे पाऊल समेवर पडेल असे बसवले तर पुढच्या रांगेचे खांदे एकाच वेळी झुकतात, आणि प्रमुख दिसला नाही तरी सम दिसते. सरावाच्या पहिल्या दोन आठवड्यांत ढोल न घेता हेच करून घ्या.

सवाल-जवाबाबद्दल वेगळे सांगायला हवे. अर्धे पथक एका मात्रेला, अर्धे पुढच्या मात्रेला असे वाजवताना लय वाढली की दोन्ही बाजू हळूहळू एकत्र वाजवू लागतात. श्मिट, कॅरेलो आणि टर्वी यांनी १९९० मध्ये दोन माणसांना शेजारी-शेजारी बसवून, एकमेकांच्या पायाकडे पाहत, पाय उलटसुलट झुलवायला लावले. वेग वाढवत नेला तेव्हा पाय आपसूक एकाच दिशेने झुलू लागले. उलट चाल संथ लयीत टिकते, द्रुत लयीत मोडते, आणि एकमेकांकडे पाहत असाल तर नजरच ती मोडायला लावते. सवाल-जवाब १३० च्या आत ठेवा आणि दोन्ही गटांना एकमेकांकडे न पाहता प्रमुखाकडे पाहायला सांगा.

दोरी

पथकाभोवती दोरी धरणारे स्वयंसेवक हे पथकाचाच भाग असतात, पण त्यांना इशारे कोणी शिकवत नाही. गोंगाटात त्यांना ऐकू येत नाही, पाठ पथकाकडे असल्याने दिसतही नाही. त्यांच्याकडे उरतो तो हाताला लागणारा ताण. ढिली दोरी मुकी असते. दोन माणसांत दोरी जमिनीला टेकणार नाही इतकी ताणलेली ठेवली तर एकाने ओढलेले दुसऱ्याला लगेच कळते. जोडीने दोऱ्या ओढून एखादी गोष्ट झुलवायला दिली की माणसे एकट्याला लागते त्यापेक्षा जास्त जोर लावतात, आणि तो जादा जोर एकमेकांची वेळ कळण्यासाठी वापरतात, असे व्हॅन डर वेल, नॉब्लिक आणि सेबान्झ यांनी २०११ मध्ये मांडले आहे. जादा ताण फुकट जात नाही. दोन संथ ओढी म्हणजे थांबा, एक लांब ओढ म्हणजे पुढे चला, एवढे पुरे. झटका द्यायचा नाही. झटका धक्काबुक्कीतूनही येतो, संथ ओढ मुद्दाम दिल्याशिवाय येत नाही.

चौकात वळताना चारांच्या रांगेत, ढोलांमध्ये दीड मीटर धरले तर, बाहेरच्याला आतल्यापेक्षा सात मीटर जास्त चालावे लागते. आतल्याने जागच्या जागी पावले टाकायची आणि बाहेरच्याच्या खांद्याकडे पाहायचे. उलट केले, म्हणजे बाहेरचा आतल्याकडे पाहून चालू लागला, तर रांग तुटते.

तपासणी

सुधारणा झाली का हे कानाने ठरवू नका, तुम्ही जिथे उभे आहात तिथला उशीर तुमच्या कानात मिसळलेला असतो. फोन बाजूला, एखाद्या गच्चीवर, पहिली आणि शेवटची रांग एकाच चौकटीत येईल असा ठेवा. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. मंदगती चित्रीकरणात २४० असतील तर एक चौकट ४ मिलिसेकंदांची. आवाज बंद करा. पहिल्या आणि शेवटच्या रांगेतल्या एकेका वादकाचे टिपरू पानाला लागते त्या दोन चौकटींमधले अंतर मोजा. वीस ठोके मोजून सरासरी काढा. शेवटची रांग ७० च्या आसपास मागे असेल तर ती अजून कानाने वाजवते आहे. ३० च्या खाली आली तर डोळे कामाला लागले. कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असेल तर दोष वादकांत नाही, प्रमुखाच्या किंवा दुव्याच्या उचलीत आहे. त्याचे वेगळे चित्रीकरण करा, वर थांबा दिसतो का पाहा.

कानात बोळे घालायला सांगितले की लय जाईल अशी भीती वादकांना वाटते. डोळ्यांनी वाजवणाऱ्या पथकात ती जात नाही. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काळ उघड्या कानांनी राहू नये, असा आरोग्याचा दंडक आहे, आणि मिरवणूक काही तासांची असते.

थकव्याने सर्वांत आधी जाते ती उचल. दोन तासांनी प्रमुखाचा हात डोक्यावरून छातीपर्यंत उतरलेला असतो, त्याला स्वतःला कळत नाही, आणि मागच्या रांगा पुन्हा कानावर जातात. दर अर्ध्या तासाने प्रमुख बदला. बदलताना जुन्याने लगेच हात खाली घेऊ नये. दोन आवर्तने दोघांनी शेजारी उभे राहून एकच उचल द्यावी, मग जुन्याने बाजूला व्हावे.